निकाल छापता, वेळापत्रकही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

७ सप्टेंबर २०२५ रोजी राजगीरला भारताने दक्षिण कोरियाला ४-१ असं हरवलं, हॉकीचा आशिया चषक जिंकला आणि पुरुष संघ २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला. ही बातमी मराठी दैनिकांत आली, काहींनी तर फोटोसकट दिली. पण हा विश्वचषक १५ ते ३० ऑगस्टला आहे, नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोन देशांत मिळून आहे आणि महिलांचा विश्वचषकही त्याच दिवसांत त्याच दोन मैदानांवर आहे, ही माहिती शोधावी लागते. सोडत कधी, तिकीटविक्री कधी, कोणता सामना कुठे, याचा तर पत्ताच नाही. क्रिकेटच्या दौऱ्याला निघणाऱ्यासाठी सहलकंपन्या रांगेत उभ्या असतात. हॉकीवाला बहुधा एकटाच निघतो आणि त्याला छापील माहितीचा आधार जास्त लागतो. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

घोटाळ्यांची सुरुवात वेळेपासून होते. ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. तिथे रात्री साडेआठला सुरू होणारा सामना आपल्याकडे बरोबर बारा वाजता, म्हणजे पुढच्या तारखेला पडतो. आपली वृत्तपत्रं आणि भारतीय ॲप भारतीय वेळ देतात, त्यामुळे २० तारखेच्या रात्रीचा सामना '२१ ऑगस्ट' म्हणून छापला जातो. घरी टीव्ही बघणाऱ्याचं त्यात काही अडत नाही. तिकीट काढणारा मात्र २१ तारखेचं तिकीट काढतो आणि मैदानावर पोहोचतो तेव्हा सामना आदल्या रात्रीच संपलेला असतो. तिकिटावर छापलेली वेळ नेहमी स्थानिक असते. तेव्हा आयोजकांच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक स्थानिक वेळेत लावून कागदावर उतरवावं आणि त्यावरूनच तिकीट काढावं.

दुसरं असं, की हॉकीचं तिकीट बहुधा एका सामन्याचं नसतं, दिवसाचं किंवा सत्राचं असतं आणि त्यात दोन किंवा अधिक सामने येतात. खेळ साठ मिनिटांचा, पंधरा मिनिटांचे चार भाग. मधल्या विश्रांती, व्हिडिओ पंचांकडे जाणारे निर्णय आणि पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची खास संधी) घेण्याआधीची चाळीस सेकंदांची तयारी धरून एका सामन्याला पावणेदोन ते दोन तास धरावेत. बाद फेरीत बरोबरी झाली तर शूटआउटची, म्हणजे एकेक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक अशा झुंजीची भर. भारताचा सामना सत्रात दुसरा असेल तर तो अर्धा तास उशिरा सुरू होऊ शकतो, हे परतीच्या गाडीचा विचार करताना डोक्यात ठेवावं. एकट्याने जाण्याचा फायदा इथे होतो. चार जागा एकत्र मिळत नाहीत तेव्हाही इकडे तिकडे एकेक खुर्ची उरलेली असते, आणि अधिकृत फेरविक्रीत सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत अशाच सुट्या खुर्च्या येतात. फेरविक्री म्हणजे आयोजकांचीच. समाजमाध्यमांवर कुणी तिकिटाच्या चौकोनी कोडचा फोटो पाठवत असेल तर पैसे देऊ नयेत. तोच कोड चौघांना विकलेला असतो आणि दारावर पहिला पोहोचतो तो आत जातो.

जागा कुठली घ्यावी, यावर हॉकीवाले तासन्‌तास भांडू शकतात. नवखा माणूस मध्यरेषेवर, पुढच्या रांगेत बसायला धावतो. ही चूक आहे. आजचा सामना ठरतो पेनल्टी कॉर्नरवर, आणि 'डी'चं, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळासारख्या भागाचं, टोक गोलरेषेपासून साडेचौदा मीटरच्या आसपास असतं. मध्यरेषेवर खाली बसलेल्याला तिथे नुसती पाठींची गर्दी दिसते. चांगली जागा म्हणजे २३ मीटरच्या रेषेसमोर, बाजूच्या गॅलरीत, निदान दहाबारा रांगा वर. तिथून मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलणारा, 'डी'च्या टोकाशी तो थांबवणारा आणि फ्लिक मारणारा हा सगळा त्रिकोण एका नजरेत येतो. फ्लिक अडवायला अमित रोहिदाससारखा पहिला धावणारा गोलातून सुटतो, तो कोणत्या कोनातून सुटला हेही कळतं. गोलच्या मागे बसलं तर हरमनप्रीत सिंगच्या ड्रॅगफ्लिकचा चेंडू थेट आपल्या अंगावर येतोय असं वाटतं खरं, पण संपूर्ण सामना जाळीतून बघावा लागतो. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणजे पहिल्या दोन भागांत समोर दिसलेलं आक्रमण नंतर लांबच्या टोकाला जातं. जिथे तिकिटावर आसनक्रमांक नसतो तिथे जाणकार लोक मध्यंतराच्या दोन मिनिटं आधी उठून दुसऱ्या टोकाची जागा धरतात. संध्याकाळच्या सामन्याला पश्चिमेची गॅलरी घ्यावी, नाहीतर मावळता सूर्य डोळ्यांवर येतो. आणि पहिल्या तीन रांगा टाळाव्यात. खेळाआधी मैदानावर पाण्याचे फवारे मारतात आणि वारा असला की पुढच्या रांगांना त्यातलं पाणी मिळतंच.

व्हिसाकडे वळू. नेदरलँड्स, बेल्जियमसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण कागद पुन्हा मागवले तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि उन्हाळ्यात अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे लागतात. तेव्हा ऑगस्टसाठी मार्च-एप्रिलमध्येच वेळ घ्यावी. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, वर केंद्राचा सेवाखर्च. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमानाचं तिकीट व्हिसा मिळेपर्यंत पक्कं काढू नये. नुसतं आरक्षण चालतं.

खरा पेच दोन यजमान देशांमुळे आहे. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? नियम असा, की जिथे जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडे. रात्री समान असतील तर जिथून शेंगेनमध्ये शिराल त्या देशाकडे. पण आपला संघ कोणत्या मैदानावर खेळणार हे सोडतीनंतर कळतं आणि पुढच्या फेरीचं तर गटातल्या निकालांनंतरच. गटसाखळीचे सामने जिथे असतील त्या देशात जास्त रात्री धरून, रद्द करता येणाऱ्या खोल्या आरक्षित करून अर्ज करावा आणि सोबतच्या पत्रात स्पर्धेची तारीख, सामन्यांची तिकिटं आणि 'पुढची फेरी दुसऱ्या देशात असू शकते' हे सरळ लिहावं. व्हिसा मिळाल्यावर एकदोन रात्री इकडच्या तिकडे झाल्या तर बिघडत नाही. नेदरलँड्सचा व्हिसा घेऊन सगळे दिवस बेल्जियममध्ये काढले तर मात्र पुढच्या अर्जाच्या वेळी उत्तर द्यावं लागतं. व्हिसा हातात पडायच्या आत खोल्या रद्द करण्याची घाई करणारेही असतात. दूतावासाकडून हॉटेलात फोन गेला तर अर्ज तिथेच संपतो. मधल्या मोकळ्या दिवसांत लंडनला जाऊन येऊ, असं मनात असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा आणि शेंगेनचा अनेक प्रवेशांचा व्हिसा, दोन्ही लागतील.

विमानतळावरही आता बदल झाला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नोंदपद्धत सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ ही ती शेंगेनच्या सगळ्या बाह्य सीमांवर पोहोचण्याची मुदत ठरली. पहिल्या नोंदीला वेळ लागतो. विमान दुपारी उतरतं म्हणून संध्याकाळचा सामना बघू, असा हिशेब करू नये. सामन्याच्या आदल्या दिवशी पोहोचावं.

आता मैदानं. नेदरलँड्समधलं वागेनर स्टेडियम अ‍ॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलव्हेनमध्ये आहे, 'अ‍ॅम्स्टरडॅमसे बोस' नावाच्या विस्तीर्ण वनउद्यानाच्या कडेला. जवळचं मोठं रेल्वेस्थानक अ‍ॅम्स्टरडॅम झाउद. तिथून ट्राम किंवा बस आणि मग थोडं चालणं. सेंट्रल स्थानकाजवळ खोली घेण्याचा मोह होतो, पण हॉकीसाठी झाउदच सोयीचं. विमानतळाची गाडी तिथे थांबते आणि ब्रुसेल्सला जाणारी थेट युरोसिटी रेल्वेही तिथूनच मिळते. बेल्जियमचं मैदान ब्रुसेल्समध्ये नाही, तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर वाव्र नावाच्या गावात आहे. हॉकीत हे नेहमीचंच. पॅरिस ऑलिम्पिकचं हॉकीसुद्धा शहराबाहेर कोलोंबला होतं. ब्रुसेल्सहून ओतिन्यीपर्यंत एक गाडी, तिथे बदलून वाव्र.

बेल्जियममध्ये गावांची नावं भाषेच्या हद्दीप्रमाणे बदलतात, आणि एकटा माणूस तिथेच चुकतो. फ्रेंच भागात वाव्र, तर डच भागातल्या फलकावर तेच गाव 'वावर' असं लिहिलेलं. मराठी माणसाच्या हे निदान लक्षात तरी राहील! ब्रुसेल्सचं मोठं स्थानक फ्रेंचमध्ये 'मिदी' आणि डचमध्ये 'झाउद'. म्हणजे झाउदहून निघून झाउदला उतरायचं, कारण झाउद म्हणजे नुसतं दक्षिण. याहून घातक जोडी लुव्हेन आणि लुव्हाँ-ला-नव्ह यांची. पहिलं डच भाषकांचं जुनं विद्यापीठगाव, ज्याला फ्रेंचमध्ये 'लुव्हाँ' म्हणतात. दुसरं वाव्रच्या अगदी शेजारचं, फ्रेंच भाषकांसाठी वसवलेलं नवं विद्यापीठगाव. दोघांमध्ये पंचवीसेक किलोमीटरचं अंतर आहे. 'लुव्हाँमध्ये स्वस्त खोली मिळाली' असं कुणी म्हणालं तर आधी विचारावं, कोणत्या?

अ‍ॅम्स्टरडॅम-ब्रुसेल्स प्रवासाला दोन पर्याय आहेत. युरोस्टार जलद, पण आसन आरक्षित करावं लागतं आणि तारीख जवळ आली की भाडं चढतं. युरोसिटीला आरक्षण लागत नाही. संघ कधी कुठे खेळेल याचा भरवसा नसताना हीच गाडी बरी, आदल्या रात्री निकाल लागल्यावर तिकीट काढता येतं. मुक्कामाचं गणितही असंच. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटककर आहे आणि २०२६ पासून नेदरलँड्समध्ये मुक्कामावरचा मूल्यवर्धित कर ९ वरून २१ टक्के झाला आहे. संकेतस्थळावर दिसलेल्या आकड्यात यातलं काय धरलंय ते शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघावं. हार्लेम, लायडन, हूफडॉर्प ही गावं रेल्वेने जवळ आहेत. मात्र खोली निवडताना मैदानापासूनचं अंतर मोजू नये, सामना संपल्यानंतरची शेवटची गाडी कुठपर्यंत जाते ते बघावं. रात्री साडेआठचा सामना शूटआउटपर्यंत गेला तर बाहेर पडायला पावणेअकरा होतात. वाव्रसारख्या छोट्या स्थानकात गाड्या लवकर विरळ होतात आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. स्पर्धेसाठी जादा गाड्या किंवा बस आहेत का, हे आयोजक सामन्यांच्या थोडं आधी जाहीर करतात, ते बघत राहावं. अ‍ॅमस्टलव्हेनला रात्री परतताना रानातली आडवाट धरू नये, गर्दीबरोबर मोठ्या रस्त्याने ट्रामकडे यावं. आणि तांबड्या रंगाची वाट पादचाऱ्यांची नसते, सायकलींची असते. त्या थांबत नाहीत.

नेदरलँड्समध्ये गाडी, ट्राम, बस कुठेही बँकेचं स्पर्शाने चालणारं कार्ड दाराशी लावून चढता येतं. उतरताना तेच कार्ड पुन्हा लावावं लागतं, विसरलात तर ठरावीक जादा रक्कम कापली जाते. चढताना फोन आणि उतरताना कार्ड असं केलं तरी यंत्र ते दोन वेगळे प्रवास धरतं. रुपे कार्डावर तिथे विसंबू नये, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ ठेवावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपल्या कार्डांवर परदेशी आणि स्पर्शाने होणारे व्यवहार मुळात बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करावेत, मर्यादा वाढवावी. ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो, म्हणून नुसतं तिकडचं ई-सिम घेऊन भागत नाही. आपल्या सिमचं रोमिंगही चालू हवं, नाहीतर उपान्त्य फेरीचं तिकीट टोपलीत पडून राहतं आणि संदेश काही येत नाही. दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत की युरोंत' विचारलं तर युरो निवडावं, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. तिकीट फोनमध्येच असल्यामुळे बॅटरी संपणं म्हणजे तिकीट हरवणं. पॉवर बँक शंभर वॅट-तासांच्या आतली आणि हातातल्या सामानातच ठेवावी. आपला दोन बारीक पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

मैदानावर मोठी बॅग, छत्री आणि काचेची बाटली सहसा आत सोडत नाहीत. ऑगस्ट असला तरी पाऊस कधीही येतो आणि सूर्य मावळला की पुणे-मुंबईच्या माणसाला थंडी वाजते, तेव्हा घडी होणारा रेनकोट आणि एक स्वेटर. ढोल न्यायचा असेल तर आधी ईमेलने परवानगी घ्यावी. दारावरचा माणूस वाद घालत नाही, ढोल बाहेर ठेवतो. झेंड्याची काठीही बहुतेकदा अडवली जाते. इथे एक गोष्ट जरा रागाने लिहितो. तिरंग्यावर गावाचं नाव रंगवून तो कठड्याला बांधायची पद्धत आपल्या प्रेक्षकांत पडली आहे. राष्ट्रध्वजावर काहीही लिहिणं हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'खडकी' किंवा 'कोल्हापूर' लिहायचं असेल तर वेगळी पांढरी चादर घ्या, टीव्हीवर तीच जास्त ठळक दिसते.

खाण्याचं थोडक्यात. बाहेरून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, तूप, खवापोळी घरीच ठेवा. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, धपाटे चालतात. कढीपत्त्याची जुडी नेऊ नये. मैदानावरच्या बटाट्याच्या तळलेल्या काड्या कशात तळल्यात ते विचारून घ्याव्यात, बेल्जियममध्ये त्या पुष्कळदा गोवंशाच्या चरबीत तळतात. आणि 'बिटरबालन' नावाचे गोल वडे दिसायला बटाटवड्यासारखे असले तरी आत बहुधा गोमांस असतं. नळाचं पाणी बिनदिक्कत प्यावं. अ‍ॅमस्टलव्हेनमध्ये भारतीय नोकरदारांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे डाळ-तांदूळ मिळण्याची चिंता नाही, मराठीही कानावर पडेल.

मोकळा दिवस मिळाला तर अ‍ॅम्स्टरडॅमचं जुनं ऑलिम्पिक स्टेडियम बघावं. २६ मे १९२८ रोजी तिथे भारताने यजमान नेदरलँड्सला ३-० हरवून हॉकीतलं पहिलं सुवर्ण घेतलं. संपूर्ण स्पर्धेत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही. आणि वागेनर? १९७३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला. २-२ बरोबरीनंतर पेनल्टी स्ट्रोकवर आपण नेदरलँड्सकडून हरलो. जुन्या प्रेक्षकांना ते मैदान अजून सलतं.

ज्यांनी एकट्याने कधीच परदेशप्रवास केलेला नाही त्यांनी थेट युरोपला न जाता सुलतान अझलान शाह चषकापासून सुरुवात करावी. मलेशियातलं इपोह गाव लहान, राहणं स्वस्त, क्वालालंपूरहून रेल्वेने अडीच तासांच्या आत. भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत तीस दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, फक्त पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा डिजिटल अर्ज भरायचा. तिथली अडचण एकच, विजांचा पाऊस. वीज दिसली की खेळ थांबतो आणि तासभर थांबून राहतो. त्या रात्री परतीची गाडी ठेवू नये.

संपादक महोदय, मागणी मोठी नाही. स्पर्धेची सोडत झाली की चौकटीत चार ओळी छापा: सामना, गाव, स्थानिक तारीख-वेळ आणि तिच्याखाली भारतीय तारीख-वेळ. तिकीटविक्री सुरू होण्याचा दिवस आधी कळला तर तोही. आणि महिलांचं वेळापत्रक पुरुषांच्या शेजारीच द्या. सातारा जिल्ह्यातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ भारताकडून खेळल्या, पण त्यांचा सामना कोणत्या गावात, किती वाजता, हे फलटणच्या वाचकालाही आपल्या पानावर सापडलं नाही. सप्टेंबरच्या १९ तारखेपासून जपानात आशियाई स्पर्धा आहेत आणि तिथल्या विजेत्याला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये थेट प्रवेश आहे. त्या चौकटीसाठी आतापासूनच जागा राखून ठेवावी.

आपला,
एक हॉकीप्रेक्षक, खडकी, पुणे